आधी विचारावे, मग प्यावे

देवळसांगवीच्या वाचनालयात पाण्याचा माठ ओसरीवरच असतो. तरी पाहुण्याला लगेच पेला मिळत नाही. आधी ग्रंथपाल उठतात, पाणी भरणाऱ्या बाईंपुढे उभे राहतात आणि विचारतात, "बाई, आजचं पाणी कसं आहे?" पाहुणे एकमेकांकडे शंकेने पाहू लागतात. मग गावातले वृद्ध कीर्तनकार त्यांना बसवून घेतात आणि कारण सांगतात.

ही वास्तू मुळात छात्रालयाची. चाळीस विद्यार्थी आणि त्यांचे अधीक्षक दामोदरपंत. पंत मोठे नेमनिष्ठ. पण मुखी नाम आणि मनी किंतु, असा त्यांचा स्वभाव होता, असे सांगतात. तूप सरले की आचाऱ्यावर संशय, घंटा चुकली की शिपायावर.

एका वैशाखात आडाचे पाणी ओढणारी कोंडाई त्यांना म्हणाली, "पंत, पोरांस्नी हे पानी देऊ नगा. चव फिरलीया."

पंतांचे डोळे बारीक झाले. कुणालाच न कळलेले हिलाच कसे कळले? "तुला काय ठाऊक? काय टाकलंस आडात?"

"टाकाया माज्यापाशी हाय काय, घामाबिगर?"

पंतांनी तिला त्याच पावली घालवले. मुले तेच पाणी प्याली. तिसऱ्या दिवशी अकरा जण जुलाब-वांतीने अंथरुणाला खिळले. आता पुरावाच हाती लागेल, म्हणून पंतांनी आड उपसून घेतला. तळाशी विषाची पुडी नव्हती. चिऱ्यांच्या फटीतून घाण झिरपत होती. माग काढला, तर ती पंतांच्याच मोरीची.

त्यांच्या हातची जपमाळ गळाली, म्हणे. ते कोंडाईच्या दारी हात जोडून उभे राहिले.

"माफी देवापाशी मागा, पंत. मला फकस्त इचारत जावा," एवढे बोलून ती कळशी घेऊन नदीकडे निघाली. उकळलेले पाणी पाजून तिने दहा मुले राखली. अकरावा, सदाशिव, राहिला नाही. त्याच्या चितेपुढे पंतांनी हा नेम घेतला.

पुढे छात्रालय मोडले. प्लेगात तेथे दवाखाना भरला, मग रेशनचे कोठार झाले, मग विणकरांची सोसायटी आली. पाट्या बदलल्या, नेम टळला नाही.

आजही बाई "बरं हाय" म्हणेपर्यंत कुणी पेला उचलत नाही. परवाच्या उन्हाळ्यात एकदा त्या "नको" म्हणाल्या. सारे वाचनालय दुपारपर्यंत तहानलेले राहिले. माठात काहीच निघाले नाही, पण "तुला काय ठाऊक?" असे त्यांना कुणी विचारले नाही.