सुतारमामाची दुपारची फेरी

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या आजोबांचे आजोबाही रांगत होते तेव्हा, नदीकाठच्या एका गावात एक सुतार राहायचा. गावातलं एकूण एक दार त्याच्या हातचं. लहानथोर सगळे त्याला मामा म्हणत.

मामाला एक खोड होती. दुपारी गाव जेवून आडवं झालं की हा निघायचा आणि घरोघरची दारं हळूच ढकलून बघायचा. कुठली कडी घट्ट, कुठली सैल, सगळं त्याला तोंडपाठ. आत पाऊल टाकायचा नाही, काडीला हात लावायचा नाही. पण खुट्ट झालं की माणसं दचकून उठायची आणि तान्ही पोरं भोकाड पसरायची.

शेजारच्या कुंभाराच्या आजीने त्याला एकदा हटकलंच. तर हा हसत म्हणाला, "आजी, मी काही नेलं का? नुसतं बघितलं तर कुणाचं काय बिघडतं?"

आजीने कपाळावर हात मारला आणि ती आपल्या कामाला लागली. पुढे गावालाही सवय झाली. खुट्ट वाजलं की लोक म्हणत, मामा असेल, आणि कूस बदलत.

मग मामाच्या लेकीचं लग्न ठरलं. मामीने तीन दिवस चुलीपुढे बसून वऱ्हाडासाठी टोपलीभर लाडू वळले आणि दमून दुपारी लवंडली. उद्या वऱ्हाड दारात, पण मामा निघालाच आपल्या फेरीला.

थोड्या वेळाने मामाच्याच परसदाराची कडी वाजली. गावच्या कड्या तपासणाऱ्या मामाची स्वतःची कडी तेवढी सैल होती बरं का! मामीला वाटलं, हेच आले असतील. शेजाऱ्यांनी ऐकलं आणि कूस बदलली.

मामा परतला तर टोपली रिकामी, आणि कौलांवर वानरं गाल फुगवून बसलेली. लेकीचे डोळे भरून आले. आता व्याह्यांपुढे काय ठेवायचं? मामाने हाका मारून शेजारी गोळा केले.

"भरदुपारी कुणालाच कसं ऐकू आलं नाही?"

"सगळ्यांना आलं," आजी म्हणाली. "आम्हांला वाटलं, तूच आहेस."

मामाची मान खाली गेली. आजीने मात्र पदर खोचला. घराघरांतून डाळ, गूळ, तूप आलं आणि दिवेलागणीपर्यंत टोपली पुन्हा भरली. लग्न झोकात झालं.

तेव्हापासून मामा अंगणातूनच हाक मारी, "कडी बघू का?" नको म्हटलं की पुढे जाई. बहुतेक जण हो म्हणत, दार आतून-बाहेरून दाखवत आणि हातावर लाडूही ठेवत. तो खाताना मामा कौलांकडे बघून घेई.

तात्पर्य : नुसतं बघायचं असलं, तरी दुसऱ्याच्या दाराला हात लावण्याआधी घरच्यांना विचारावं.