कप्तानाची खुर्ची

सांगलीत ‘ध्रुवयान’ या अंतराळमालिकेच्या चाहत्यांचं मंडळ होतं. मालिका अर्ध्यातच बंद पडली, तरी अध्यक्ष रणदिवे ठणकावून सांगत, “यान बुडालेलं नाही, फक्त संपर्क तुटलाय!” दर बैठकीत ते कप्तानासाठी एक खुर्ची मोकळी ठेवत.

मंडळाचे जुने सभासद पेंडसे वारल्यावर त्यांच्या पत्नी मृदुलाताई प्रथमच एकट्या बैठकीला आल्या, सवयीनं थर्मासमध्ये दोघांपुरता चहा घेऊन. त्यांच्या शेजारच्या, पेंडशांच्या नेहमीच्या खुर्चीवर दुसऱ्याच नावाची चिठ्ठी होती.

“माझा इलाज नाही, वहिनी,” लॅपटॉपवरून मान वर न करता रणदिवे म्हणाले. “नवं सॉफ्टवेअर गैरहजर माणसाचं नाव आपोआप उडवतं.”

“मग कप्तानाचं का नाही उडवलं?”

“त्याच्यापुढे मी ‘प्रवासात’ असं भरलंय.”

मृदुलाताईंनी चिठ्ठी हळूच काढली. “भाऊ, जो कधी जन्मलाच नाही, त्याची तुम्ही इतकी वर्षं वाट पाहताय. आमच्या ह्यांचाही संपर्कच तुटलाय. भरा, प्रवासात.”

रणदिव्यांनी तसं भरलं. सॉफ्टवेअर पुढे सरकेना. त्याला परतीची तारीख हवी होती. त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

“कप्तानाची जी घातलीत, तीच घाला,” त्या म्हणाल्या आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर थर्मास ठेवला.