खुंटीवरचा स्वेटर

“कापू की नको, एवढंच सांगा बुवा. बाकीचं मला येतं.”

सटवाबुवांनी मान वर केली नाही. माळावरच्या खंडोबाच्या पायरीवर बसून ते भाजलेल्या वांग्याची साल सोलत होते. नैवेद्याची वेळ जवळ आली होती.

बुवा म्हणजे देवाचे वाघ्या. खंडोबाला वाहिलेला माणूस. वाघ्या स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतो आणि त्यात त्याला काडीचाही कमीपणा वाटत नाही.

विचारणारे डॉ. उदयन शितोळे शहरातले जनावरांचे नामांकित सर्जन. कुत्र्याची कवटी उघडून मेंदूतली गाठ काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणत. ते स्वतःही म्हणत. पायरीवर टेकण्याआधी त्यांनी रुमाल अंथरला होता.

“आणि हो, देह नश्वर आहे वगैरे नको. ते मी वाचलंय.”

“बरं झालं,” बुवा म्हणाले. “मला वाचता येत न्हाई.”

डॉक्टरांच्या पायाशी त्यांची कुत्री पडली होती. रंग खारी बिस्किटासारखा, म्हणून नाव खारी. ती याच माळावर जन्मली. डॉक्टरांच्या पत्नी शकुंतलाबाई या गावच्या लेक. त्यांनीच तिला पिल्लू असताना पदरात घालून शहरात नेलं होतं. शकुंतलाबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

खारी उठली. एकाच बाजूला गोल गोल फिरली, खांबावर आदळली आणि पुन्हा बसली.

बुवांचे हात थांबले.

“डोक्यात काय झालंय तिच्या?”

“गाठ. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या पुढच्या टोकाला. फिट येतात.”

“काढता येती?”

“मला येते.” डॉक्टर ताठ झाले. “कपाळाचं हाड उघडायचं, गाठ हळूहळू सोडवायची, हाड परत बसवायचं. सगळं नीट झालं तर दोन-तीन वर्षं मिळतात. कुत्र्याच्या आयुष्यात ती थोडी नसतात.”

“आन् न्हाई काढली तर?”

“पाडवा बघणार नाही ती.”

“दुसऱ्याचं कुत्रं असतं तर?”

“आत्तापर्यंत टाके काढून घरी गेलं असतं.”

“मग घोडं कुठं आडलं, जावईबापू?”

माळावर वारा होता. दूर कुणाच्या तरी शेळ्या ओरडत होत्या…

“गाठ वासाच्या जागेवर बसलीय,” शेवटी ते म्हणाले. “डावी बाजू गेलीच. उजवी थोडी शिल्लक आहे. गाठ काढायची तर तीही काढावी लागणार. खारी जगेल, खाईल, फिरेल. पण तिला कशाचाच वास येणार नाही.”

“हे लोकांस्नी सांगता?”

“सांगतो.”

“काय सांगता?”

“वासाचं काय एवढं, म्हणतो. आठ दिवसांत सवय होते कुत्र्याला.” डॉक्टरांनी चष्मा काढून उगाचच पुसला. “होतेही.”

बुवा वांगं कुस्करू लागले.

“दाराआड शकूचा स्वेटर आहे, बुवा. खुंटीवर. ती गेली तेव्हापासून तसाच. रोज संध्याकाळी खारी तिथे जाते, बाहीला नाक लावते आणि शेपटी हलवते. रोज. मीही जातो. नाक खुपसतो. मला नुसती लोकर लागते. आधी चार महिने यायचा वास… आता येत नाही.”

“हं.”

“खारीला अजून येतो. तिची शेपटी हलली की मला वाटतं, आहे. घरात कुठेतरी शकू आहे अजून.”

बुवांनी भाकरी मोडायला घेतली.

“माझ्याच हातांनी ते कापायचं? वास गेला की ती खुंटीखाली जायची नाही. कशाला जाईल? मग त्या घरात शकूची वाट बघणारा मी एकटा उरेन. मला ती हवी आहे हो, बुवा. खारीही हवी आणि शकूही हवी. हे असं कुणाला सांगायचं? पेशंट घेऊन येणाऱ्यांना सांगू? या वयात लोक हसतील.”

बुवा हसले नाहीत. समजूतही घातली नाही.

त्यांनी भरीत-भाकरी कोटंब्यात कालवली. कोटंबा म्हणजे वाघ्याचं भिक्षेचं लाकडी पात्र. तो त्यांनी गाभाऱ्यासमोर ठेवला. भर दुपारची वेळ. गाभाऱ्याचं दार बंद होतं. कडी लावलेली.

मग तो पिकल्या मिशांचा म्हातारा फरशीवर गुडघे आणि हात टेकून, कुत्र्यासारखा ओणवा झाला. बंद दाराकडे तोंड केलं.

“भूः… भूः…”

रीत होती ती. वाघ्याचं जेवण असंच व्हायचं. पण डॉक्टरांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी घाईघाईने मागे वळून पाहिलं, कोणी बघत तर नाही ना.

“भूः… भूः…”

म्हाताऱ्याचा आवाज फाटत होता. दारापलीकडून काही आलं नाही. तरी तो थांबला नाही. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या आणि डोळ्यांना पाणी लागलं होतं. हे सोंग नव्हे, एवढं डॉक्टरांना कळलं.

खारीने कान टवकारले. धडपडत, भिंतीला अंग घासत ती बुवांशेजारी जाऊन उभी राहिली आणि तीही भुंकली.

मग दोघांनी एकाच कोटंब्यात तोंड घातलं.

डॉक्टर बघत राहिले. त्यांना राग आला. कोणाचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“कोणाला बोलावत होतात एवढं?”

“मालकाला.”

“ऐकतो तो?”

“ठावं न्हाई.”

“कधी दिसला?”

“न्हाई.”

“आणि मी विचारलं त्याचं उत्तर?”

बुवांनी खारीच्या कपाळावर, जिथे हाड उघडायचं तिथे, भरिताने माखलेला हात ठेवला.

डॉक्टर रुमाल सोडून उठले आणि त्या दोघांसमोर फरशीवर येऊन बसले. आता त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“वास तरी, बुवा? मालकाचा वास तरी आला कधी तुम्हाला?”

म्हाताऱ्याने मिशी पुसली. बंद दाराकडे बघितलं.

“जल्मात न्हाई आला, जावईबापू. आला असता, तर एवढा भुकलो असतो व्हय?”