पोट भिजवणारी कोंबडी

कोंबड्या बोलत असत, त्या काळी खुराड्यात एक नियम होता. अंड्यांवर बसलेलीने ऊब सांभाळायची, पाण्याला शिवायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

कवडी ही तरुण कोंबडी पहिल्यांदाच अंडी उबवायला खुडूक बसली होती. कोरडा उन्हाळी वारा पेंगुळल्यासारखा वाहत होता. एका अंड्याला तडा गेला, पण आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटला आणि त्याची धडपड मंदावली. कवडी धावली, रांजणाखालच्या ओलीत पोटाची पिसं भिजवून परत बसली. हळूहळू पापुद्रा मऊ झाला, चोच बाहेर आली.

"नशीब तुझं, भवाने!" म्हाताऱ्या कोंबड्या फिसकारल्या. "पुन्हा असं करायचं नाही."

"करणार! ऊब तर तुम्हीही दिलीत, आत्यांनो. मग तुमची पिल्लं कवचातच का मेली?"