भामाचा जबाब

"पण आक्का, खोटं बोलणाऱ्या बाईच्या बाजूनं मी उभं तरी कसं राहायचं?"

शलाकानं हातातली फाईल ओसरीवर टाकली.

द्वारकाआक्का मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण खोटं बोलतं?"

"सत्यभामा."

गंगाखेडच्या बाहेर, रस्त्यापासून जरा आत, हा निवारा होता. घरात मार खाऊन बाहेर पडलेल्या बायका इथं राहत. आक्कांनी तो बारा वर्षांपूर्वी सुरू केला. त्याआधी तीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आता गुडघे उठू देत नसत, म्हणून बसूनच सगळं चाले.

शलाका पुण्याहून समाजकार्य शिकून आलेली. पहिला नंबर. निवाऱ्यातल्या प्रत्येक बाईची फाईल तिनं नव्यानं लावली होती, आणि त्याचा तिला अभिमान होता.

"तीन वेळा जबाब घेतला मी," ती म्हणाली. "पहिल्यांदा म्हणाली, मंगळवार होता. मग म्हणाली, नागपंचमी. यंदा नागपंचमी मंगळवारी नव्हतीच. आधी म्हणाली, पाटानं मारलं. नंतर म्हणाली, भिंतीवर डोकं आपटलं. गुरुवारी तारीख आहे. नवऱ्याचा वकील तिला दोन मिनिटांत उघडी पाडेल. मुलगी त्याच्याकडेच राहील."

आक्कांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं.

"मग तू काय करायचं म्हणतेस?"

"तीन दिवस आहेत. एक जबाब पक्का करून देते. पाठ करून घेते तिच्याकडून."

"कुठला?"

"म्हणजे?"

"तिन्हींतला कुठला पाठ करून घेणार?"

शलाकानं फाईल उघडली, पुन्हा मिटली.

"मी दमले, आक्का. रोज तेच. सकाळी सांगितलेलं दुपारी नाही आठवत. गॅस चालू ठेवून निघून जाते. परवा तिच्या खोलीतल्या कुसुमच्या अंगावर तांब्या फेकला, आणि संध्याकाळी तिच्याच शेजारी बसून जेवली. जणू काही झालंच नाही. मदत करायची तरी किती? तिला स्वतःलाच नको असेल तर?"

आक्का थांबल्या.

"मीही दमलेय," त्या म्हणाल्या.

मग आत बघून त्यांनी हाक मारली, "भामा! तेलाची वाटी घेऊन ये गं."

…

भामा आली ती डोळ्यांवर पदर ओढूनच. उजेड तिला सोसत नसे. ओसरीवर म्हणूनच गोणपाटाचे पडदे सोडलेले असत. वय असेल तिशीच्या आत. चालताना ती एका हातानं भिंत धरून चाले.

ती आक्कांच्या पुढ्यात पाठ करून बसली. आक्कांनी अंबाडा सोडला, तेल हातावर घेतलं.



"भामा," आक्का म्हणाल्या, "शलाकाताईचा हात लावू का डोक्याला?"

भामानं विचार केला.

"हळू लावा म्हणावं."

आक्कांनी शलाकाची दोन बोटं धरली आणि केसांत, डाव्या कानाच्या मागं नेऊन ठेवली.

तिथं खळगा होता.

मग बोटं वर सरकवली. एक जाड वण. त्याच्या वर दुसरा. मग टाळूच्या मागं असं काहीतरी, की शलाकानं हात मागं ओढला. आक्कांनी तो पुन्हा धरला नाही.

"शुद्ध गेली होती का गं कधी?" आक्कांनी विचारलं.

"जायची."

"किती वेळा?"

"आता शुद्ध गेल्यावर कोण मोजतंय, आक्का?"

भामा हसली. मग तिनं कपाळ दाबलं.

"गळा दाबला की डोळ्यांपुढं अंधार यायचा," ती हळूहळू म्हणाली. "डोळे उघडले की चूल विझलेली असायची. म्हणजे लई वेळ गेला, एवढं कळायचं. वार कुठला, ते शेजारीण सांगायची. पाट तिनं बघितला. भिंत… भिंत मला आठवती."

शलाकाचा आवाज बदलला होता.

"मला का नाही सांगितलंस हे?"

"तुम्ही इचारलं, हाड मोडलंय का. भाजलंय का. मी नाही म्हणाले." भामा थांबली. शब्द शोधत असल्यासारखी तिची बोटं पदराशी चाळा करत राहिली. "डोक्याचं कुणी… कुणी नाही इचारलं."

तेल लावून झालं नव्हतं, तरी ती उठली. "डोकं ठणकतंय," म्हणाली आणि भिंत धरत आत गेली. आतल्या खोलीत चटई टाकल्याचा आवाज आला.

शलाकानं फाईल उघडली. प्रवेशाचा फॉर्म तिनंच तयार केलेला. जखमांसाठी सहा रकाने होते. डोक्याचा एकही नव्हता. खाली तिच्याच सुवाच्य अक्षरात शेरा होता : 'उडवाउडवीची उत्तरे देते. सहकार्य करत नाही.'

तिनं पेन उचललं.

"खोडू नकोस," आक्का म्हणाल्या. "खाली नवं लिही."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"नाही. परवा न्हाऊ घालताना हाताला लागलं." आक्कांनी तेलाचे हात पदराला पुसले. "दवाखान्यात होते तेव्हा रोजच लागायचं. केस भादरायचे, टाके घालायचे, पट्टी बांधायची. बरोबर आलेला माणूस सांगायचा, पाय घसरून पडली. मी तेच लिहायची. 'पडून लागले.' आणि त्याच माणसाबरोबर घरी पाठवायची."

…

"किती जणींना पाठवलंत?"

आक्कांनी मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली.

थोड्या वेळानं शलाकानं विचारलं, "आता काय करू?"

"उद्या डॉक्टरांकडे ने. मेंदूच्या. एका खेपेला होणार नाही, परत जावं लागेल. जे असेल ते कागदावर लिहून घे. आपल्या वकीलबाईंना सांग, प्रश्न लहान विचारा म्हणावं. एका वेळी एक. मधे तिला बसू द्या."

"आणि जबाब?"

"ती जे बोलेल तो."

"ती 'आठवत नाही' म्हणेल."

"म्हणू दे."

"बरी होईल ती?"

"थोडी होईल."

"आणि बाकीचं?"

आक्का बाहेर, पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत राहिल्या. "बाकीचं घेऊनच जगेल," त्या म्हणाल्या.

गुरुवारची तारीख डॉक्टरांच्या कागदासाठी पुढं गेली. मधल्या तीन आठवड्यांत शलाका भामाला घेऊन चार वेळा परभणीला जाऊन आली. दोनदा गर्दीतूनच परत फिरावं लागलं, कारण दवाखान्यातल्या दिव्यांनी भामाला उलट्या झाल्या. शलाका चिडली नाही असं नाही. एकदा तिथल्या बाकावर बसून ती रडलीही. भामानंच तिच्या पाठीवरून हात फिरवला. ही का रडते, ते तिला ठाऊक नव्हतं.

शेवटी कागद मिळाला. डोक्याला वारंवार मार, गळा दाबला गेल्याच्या खुणा, स्मरणशक्तीवर परिणाम.

कोर्टात नवऱ्याचा वकील उभा राहिला.

"हे मंगळवारी घडलं, की नागपंचमीला?"

"मला आठवत नाही."

"पाटानं, की भिंतीवर?"

"भिंत आठवती. पाट आठवत नाही."

"म्हणजे तुमच्या सोयीचं तेवढं आठवतं!"

भामानं डोळे मिटले. मॅजिस्ट्रेटबाईंनी पंखा कमी करायला सांगितला, समोरची खिडकी लावून घ्यायला सांगितली आणि डॉक्टरांचा कागद पुन्हा एकदा वाचला. जबाब दोन बैठकांत पुरा झाला. भामा अकरा वेळा 'आठवत नाही' म्हणाली. अकराही वेळा शलाका मागच्या बाकावर ताठ बसून होती.

निकाल अजून लागला नव्हता. नवऱ्यानं निवाऱ्याजवळ फिरकायचं नाही, आणि मुलगी दर शनिवारी आईकडे येईल, एवढा आदेश झाला. फार नव्हता. पण पुढच्या शनिवारी सात वर्षांची आरोही आली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि भामा दोन तास हलली नाही.

मुलीला घेऊन पोलिसांची जीप गेली, तेव्हा तिघी ओसरीवर बसल्या होत्या. आक्का खांबाला टेकून. शलाका शनिवारची नोंद लिहीत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

भामा तिच्याकडे एकटक बघत होती. लाजत, चुकल्यासारखं.

"ताई… तुमचं नाव काय हो?"

शलाकाचं पेन थांबलं.

"शलाका."

"शलाका," भामानं सावकाश म्हणून पाहिलं. तिचा चेहरा उजळला. "लई छान नाव हाय."

ती उठली आणि भिंत धरत आत गेली.

शलाकानं नोंदीची वही मिटली.

"चार महिने झाले, आक्का," ती म्हणाली. "उद्या परत विचारेल."

आक्कांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"उद्या परत छान म्हणेल."