हजार वर्षांचा खेकडा

गलबतं वाऱ्याच्या मर्जीने येत आणि वाऱ्याच्याच मर्जीने जात, त्या फार जुन्या काळी एका खाडीच्या तोंडाशी एक बंदर होतं. तिथे नाना देशांची माणसं उतरत. बहुतेक जण माल उतरवून परत जात, थोडे तिथेच राहत. राहिलेल्यांपैकी एक होता चीन देशाचा दोर वळणारा. गलबत दुरुस्त होईपर्यंत म्हणून तो उतरला, बंदरातल्याच एका मुलीशी त्याचं लग्न झालं, आणि गलबत गेलं तरी तो गेला नाही.

ही गोष्ट त्याच्या नातीची. तिचं नाव लिएन. आजोबांच्या भाषेत लिएन म्हणजे कमळ. शेजारणी तिला सरळ कमळी म्हणत, आणि ती दोन्ही नावांना ओ देई.

लिएन दहा वर्षांची असताना एकदा आजोबा काथ्या वळता वळता म्हणाले, "आमच्या गावी सणाला बायका लाल कागद कातरून खिडक्यांना लावायच्या. फुलं, पाखरं, काय काय असायचं."

"कसं कातरायच्या?" लिएनने विचारलं.

"ते मला काय ठाऊक? मी बाहेरून बघायचो."

आजोबांनी तिला दिलं ते एवढंच. पुढल्या वर्षी ते वारले. बाकी सगळं लिएन आपलं आपण शिकली.

मसाल्याच्या पुड्यांचे कागद ती पाण्याने साफ करून वाळवी आणि आईची कात्री घेऊन बसे. सुरुवातीला कातरलेलं सगळं हातातच गळून पडायचं. कुठे कापायचं यापेक्षा कुठे कापायचं नाही, हे कळायला तिला दोन वर्षं लागली. मग पाकळ्या फुलाला धरून राहू लागल्या आणि माशाचे खवले माशाच्या अंगावर टिकू लागले.

ओहोटी लागली की ती खाडीच्या चिखलात जाऊन बसे. तिथे लहान लहान खेकडे बिळातून बाहेर येत. त्यांची एक नांगी केवढी तरी मोठी, दुसरी इवलीशी. मोठी नांगी वर करून ते एकमेकांना बोलावल्यासारखं करत. कागदाची घडी घालून कातरलं तर दोन्ही नांग्या सारख्याच येतात, म्हणून लिएनने घडी सोडून दिली. अख्खा कागद समोर धरून, एकेक पाय वेगळा बघून, तिने तो खेकडा कातरला. पाच-पन्नास वेळा बिघडला, आणि मग एक दिवस असा उतरला की आता चालायला लागेल असं वाटावं.

मोठी झाल्यावर ती आपलं कातरकाम घेऊन आठवडी बाजारात बसू लागली. घेणारं कोणी नव्हतं. "कागदाला भोकं पाडून विकतेस होय गं कमळे?" समोरची कोळीण विचारी. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, तिला खरंच नवल वाटे.

एके दिवशी एका सरदाराची बायको मेण्यातून उतरली. तिने खेकड्याचा कागद उचलून उजेडाकडे धरला, मग लिएनच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"हे तुमच्या देशाचं का?" तिने विचारलं.

लिएनचा जन्म याच बंदरातला, तिच्या आईचाही याच बंदरातला. दुसरा देश तिने पाहिला नव्हता. 'नाही बाईसाहेब, हा मीच कातरलाय, मागच्या चिखलातला आहे,' असं ती म्हणणार होती. पण चिखलातल्या खेकड्याला कोण विचारतं, हे तिने तीन वर्षं दर आठवड्याला पाहिलं होतं.

"हो," ती म्हणाली.

"पूर्वापार चालत आलेलं असेल?"

"हजार वर्षांचं आहे, बाईसाहेब. माझ्या आजोबांच्या पणजीने तिच्या पणजीकडून घेतलं."

सरदारीणबाईंनी त्या दिवशी तिचे सगळे कागद घेतले.

तिथून लिएनचं नशीब पालटलं. सरदाराच्या वाड्यातला खेकडा पाहून दुसऱ्या सरदाराला खेकडा हवा झाला, आणि दोन वर्षांत तिला राजधानीतून बोलावणं आलं. राजाने तिला राजवाड्याजवळ घर दिलं आणि दरबारच्या सगळ्या खिडक्या तिच्या स्वाधीन केल्या. एका शास्त्रीबुवांनी तिच्या कातरकामावर ग्रंथ लिहिला. मोठी नांगी म्हणजे येणारं भाग्य आणि लहान नांगी म्हणजे जाणारं संकट, असा अर्थ त्यांनी लावला. लिएनने तो ग्रंथ वाचला तेव्हा ती चकितच झाली. तिला इतकंच माहीत होतं की ते खेकडे तसेच असतात.

पण या मानाबरोबर एक अडचण आली. एकदा तिने नदीकाठी बसलेला बगळा कातरला. काम फार सुरेख उतरलं होतं. ती मोठ्या हौसेने तो दरबाराच्या कारभाऱ्यांकडे घेऊन गेली.

"हा बगळा तुमच्या पणजीबाईंचा का?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"नाही. माझा आहे. नदीवर पाहिला मी."

"मग राहू द्या. नवं कातरणारे इथेही पुष्कळ आहेत. महाराजांना हजार वर्षांचं हवं आहे."

लिएनने बगळा परत आणला. आणखी एक पणजी काढून तो तिच्या नावावर घालावा, असं तिच्या मनात आलं. पण एक खोटं सांभाळतानाच तिचा जीव मेटाकुटीला आला होता. मग ती खेकडेच कातरत राहिली. अकरा वर्षं तिने तोच खेकडा कातरला. शेवटी शेवटी ती खिडकीबाहेर बघत असायची आणि कात्री आपोआप चालायची. राजधानीत तिच्याएवढं नावाजलेलं कोणी नव्हतं, आणि तिला सकाळी उठून कामाला बसावंसं वाटत नव्हतं.

अशातच चीन देशाच्या बादशहाचा वकील राजाच्या भेटीला आला. त्याच्याबरोबर त्याची म्हातारी आई होती. ती त्यांच्या मुलखातली नामांकित कातरकाम करणारी, सत्तर वर्षं हातात कात्री धरलेली. राजाला केवढा आनंद झाला! त्याने दरबार भरवला, वकिलाच्या आईला मानाने बसवलं आणि लिएनला पुढे बोलावलं.

"आजी," राजा म्हणाला, "तुमच्या देशाची हजार वर्षांची कला आम्ही इथे जपली आहे. बघा."

दुभाष्याने ते तिच्या भाषेत सांगितलं. म्हातारी उठली. खिडकीशी जाऊन तिने खेकड्यावरून हलकेच बोट फिरवलं. एका खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. लिएनला वाटलं, आता ही म्हातारी वळून म्हणेल, की असलं काही आमच्याकडे नसतं.

पण म्हातारी वळली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. ती जे बोलली ते दुभाष्याने असं सांगितलं, "मुली, मी इतकी वर्षं कातरते, पण असा जिवंत खेकडा मी पाहिला नाही. ज्या बाईने हा पहिल्यांदा कातरला तिचं नाव सांग, गाव सांग. आमच्या देवळात कारागिरांच्या नावांची पाटी आहे. मी परत गेले की तिचं नाव तिथे लिहून घेईन आणि रोज उदबत्ती लावीन."

लिएनने तोंड उघडलं. नाव सांगणं काय अवघड होतं? आजोबांच्या बोलण्यातली चार-सहा नावं तिला येत होती. त्यातलं एखादं सांगितलं असतं तर दरबाराने माना डोलावल्या असत्या आणि सगळं होतं तसंच चाललं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ती पाटी आली, आणि पाटीसमोर हात जोडून उभी राहिलेली ही थकलेली बाई. जी बाई कधी जन्मलीच नाही, तिच्यासाठी ही रोज देवळाच्या पायऱ्या चढणार.

"आजी," ती म्हणाली, "अशी कोणी बाई नव्हती. माझे आजोबा दोर वळायचे, त्यांना कात्री धरता येत नव्हती. हा खेकडा आमच्या खाडीच्या चिखलातला आहे. तो मीच कातरला, सोळा वर्षांची असताना. हजार वर्षांची गोष्ट मी खोटी सांगितली."

दुभाष्या थांबला. हे सांगावं की नाही, ते त्याला कळेना. लिएन त्याला म्हणाली, "सांगा."

शास्त्रीबुवा ताडकन उठले आणि दरबारातून चालते झाले.

"तुझ्या खेकड्यावर माझा राग नाही," राजा म्हणाला. "तीन राज्यांच्या पाहुण्यांना मी माझ्या तोंडाने सांगितलं की हे हजार वर्षांचं आहे. तू मला खोटं बोलायला लावलंस. खिडक्या तुझ्या हातांनी साफ कर आणि आपल्या गावी जा."

चार दिवस लिएन ओल्या फडक्याने राजवाड्याच्या खिडक्या पुसत होती. अकरा वर्षांचं काम लगदा होऊन बादलीत जमत होतं. जाणारे-येणारे बघत. काही हसत, काही नजर चुकवत. तिला लाज वाटली, रडूही आलं. पण चौथ्या दिवशी शेवटची खिडकी पुसताना तिच्या लक्षात आलं की आज तिला कोणाच्या प्रश्नाची धास्ती नाही.

त्याच दिवशी दुपारी वकिलाची आई दुभाष्याला घेऊन तिच्यापाशी आली आणि बादलीशेजारी खालीच बसली.

"हा घडीचा नाही, हे मी पाहिल्याबरोबर ओळखलं होतं," ती म्हणाली. "आमच्या गावच्या बायका घडी घालूनच कातरतात. हा कोणीतरी चिखलात बसून पाहिलेला आहे."

"मग आजी, तुम्ही नाव का विचारलंत?"

"ती बाई कोण, ते मला खरंच हवं होतं. हजार वर्षांपूर्वीची असेल असं वाटलं. ती माझ्यासमोर उभी आहे हे कळल्यावर जास्त बरं वाटलं." मग म्हातारी जराशी हसली. "आमच्याकडे एक पाच पाकळ्यांचं फूल कातरतात, सगळे त्याला फार प्राचीन समजतात. माझ्या आईच्या मावशीच्या कागदाचा एक कोपरा फाटला होता, म्हणून सहावी पाकळी बसली नाही. आमच्या घरात सगळ्यांना हे माहीत आहे, पण बाहेर कोणी बोलत नाही. चल, मला ती मोठी नांगी कशी कातरायची ते दाखव."

दोघी संध्याकाळपर्यंत तिथे बसल्या. म्हातारीच्या सरावलेल्या हातांना घडीशिवाय कातरणं काही केल्या जमेना. तिने सात कागद फाडले आणि आठवा बरोबर घेऊन गेली.

लिएन बंदरात परतली. पूर्वीचं वैभव तिला पुन्हा मिळालं नाही, आणि राजवाड्यातून बोलावणंही आलं नाही. ती परत आठवडी बाजारात बसली. तिने बगळे कातरले, सुकट वाळत घालणाऱ्या कोळणी कातरल्या, गलबताला डांबर लावणारे खलाशी कातरले. प्रत्येक कागदामागे ती शाईने आपलं नाव आणि साल लिही. कोणी घेत, कोणी हसून पुढे जात. समोरच्या कोळणीने स्वतःला कागदात पाहिलं आणि म्हणाली, "मी एवढी जाडी आहे होय गं?" पण तो कागद तिने घेतला. हळूहळू आसपासच्या गावांतून गिऱ्हाईक येऊ लागलं, आणि ते लिएनने या वर्षी काय नवं केलं हे बघायला येई.

तीन वर्षांनी चीन देशाहून आलेल्या गलबतावरच्या एका खलाशाने तिला एक पुडकं आणून दिलं. आत लाल कागदाचा एक खेकडा होता. पाय थोडे वाकडे, मोठी नांगी जरा जास्तच मोठी. सत्तर वर्षांच्या सरावाच्या हातांना पहिल्यांदाच जमलेला. मागच्या बाजूला चार चिनी अक्षरं होती. लिएनला ती वाचता येईनात, म्हणून तिने खलाशाला विचारलं.

त्याने कागद हातात घेऊन वाचून दाखवलं, "खेकडा लिएनचा. कात्री माझी."

बाळांनो आणि मोठ्यांनो, यातून घ्यायचं ते इतकंच: आपल्या हातच्या कामावर दुसऱ्याचं नाव घातलं की मान त्या नावाला जातो आणि भीती आपल्याकडे राहते, म्हणून जे आपलं आहे ते आपलं म्हणूनच जगापुढे ठेवावं.