इंदूताई राहतात कुठे?

११ जानेवारी, रविवार. सकाळी धुकं, दहानंतर कोवळं ऊन.

आमच्या बंगल्यांच्या सोसायटीचा नियम आहे की, मालक स्वतः बंगल्यात राहत असेल तरच त्याला मागचं आउटहाउस भाड्याने देता येतं. अध्यक्ष टिकेकरांच्या आउटहाउसमधल्या नर्स रोहिणीबाई दिवाळीत शेजारच्या इंदूताईंच्या आउटहाउसमध्ये राहायला गेल्या. तेव्हापासून टिकेकरांचं आउटहाउस रिकामं आहे, आणि अंगणात रंगलेला त्या दोघींचा चहा त्यांना कुंपणापलीकडून बघवत नाही.

आज त्यांनी सभा बोलावली. "इंदूताई जूनपासून मुलीकडे नागपूरलाच असतात. नियम मोडलाय. नर्सबाईंनी महिनाअखेर जागा सोडावी."

"पुरावा?" इंदूताईंनी विचारलं.

"मी शेजारी आहे. माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?"

"ते मात्र खरं. सचिव, तक्रारवही काढा. टिकेकरभाऊंच्या तेवढ्या तक्रारी वाचा."

मी वाचल्या. जूनपासून एकेचाळीस, सगळ्या इंदूताईंविरुद्ध. पहाटे पाचला मिक्सर, दुपारी रेडिओ, कुंपणावर वाळत घातलेली गोधडी. एकही आठवडा सुटला नव्हता.

"मी नागपूरला होते, तर मिक्सर कोण लावत होतं, भाऊ? मी इथे राहते, की तुमच्या तक्रारी खोट्या? एक काय ते लिहून द्या."

वही माझ्याच कपाटात असते, तरी हे मला सुचलं नाही. मला इंदूताईंचा हेवा वाटला.

"मिक्सर होता," टिकेकर हट्टाने म्हणाले. "रोज होता."

ठराव झाला: इंदूताई बंगल्यात राहतात, आउटहाउसची परवानगी एक वर्ष वाढवली. बाजूने सतरा, विरुद्ध शून्य.